सुमित्रा भावे: आधी प्राध्यापक, मग संशोधक, मग दिग्दर्शक... हा प्रवास नेमका कसा झाला?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी, मी सोलापूरला एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी आमच्या हॉस्टेलवर कोणीतरी त्यांचा 'कासव' लावला होता. पिक्चर संपल्यावर बराच वेळ कोणी काही बोललंच नाही, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. त्यानंतर मी सुमित्रा भाव्यांबद्दल शोधायला लागले तेव्हा कळलं की त्या मुळात आमच्याच क्षेत्रातल्या, टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या, पुण्याला कर्वे समाज सेवा संस्थेत शिकवायच्या, दिल्लीला आकाशवाणीवर मराठी बातम्याही वाचायच्या आणि पहिली फिल्म केली १९८५ साली म्हणजे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी!! फिल्म स्कूलचं तोंडही न बघता.

मला हे नीट समजून घ्यायचंय. त्यांनी शिकवणं सोडून सिनेमा धरला, की एकातूनच दुसरं आलं? लिहिण्याचं काय, ते आधीपासून होतं की सिनेमासाठी सुरू झालं? ज्यांनी त्यांचे जास्त सिनेमे पाहिलेत त्यांनी प्लीज सांगा, आणि कुठून सुरुवात करू तेही.

विचारायचं कारण म्हणजे मी पण लिहिते, मलाही फिल्म करावीशी वाटते, आणि घरी सारखं ऐकते की एक काहीतरी धर, दहा ठिकाणी हात घालू नकोस.

---

नदीकाठ

चांगला विषय काढलास पोरी. मी पुण्याचाच. थोडं विस्ताराने लिहितो.

सोडलं आणि धरलं असं नाही झालं ते. ऐंशीच्या दशकात त्या पुण्यात स्त्रीवाणी नावाच्या संशोधन प्रकल्पात काम करत होत्या, गरीब वस्तीतल्या बायकांच्या आयुष्याचा अभ्यास. आता असे अभ्यास होतात कसे ते तुला माहितीच असणार, बायकांकडे जायचं, त्यांच्याशी तासन् तास बोलायचं, सगळं टिपून घ्यायचं, मग त्याचा रिपोर्ट होतो, इंग्रजीत, आणि तो रिपोर्ट वाचणारे असतात आणखी चार संशोधक. जिच्या आयुष्यावर तो लिहिलाय ती बाई निरक्षर, तिच्या हातात तो कधीच पडत नाही, पडला तरी तिला काय उपयोग. ही गोष्ट सुमित्राताईंना डाचत होती. जिची गोष्ट आहे तिला ती परत मिळाली पाहिजे, आणि जी वाचू शकत नाही ती बघू तर शकते ना, या विचारातून 'बाई' ही पहिली फिल्म झाली. वस्तीतल्याच एका बाईची कहाणी, संसार ओढत नेणारी, आणि काम करायलाही वस्तीतल्याच बायका. त्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर 'पाणी', त्यालाही मिळाला.

म्हणजे बघ, कॅमेरा हातात आला तो हौस म्हणून नाही आला. संशोधन ज्यांच्यासाठी होतं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं म्हणून आला. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथे आहे आणि लोक नेमकं हेच विसरतात, पुरस्कारांची यादी सांगत बसतात.

सुनील सुकथनकर साधारण याच सुमाराला त्यांच्याबरोबर आले, तेव्हा अगदी तरुण. पुढे ते एफटीआयआयला, म्हणजे पुण्याच्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटला, जाऊन रीतसर दिग्दर्शन शिकले आणि मग तीस-पस्तीस वर्षं दोघांनी मिळून काम केलं. एक कधीच फिल्म स्कूलला न गेलेली आणि एक तिथून शिकून आलेला, वयात एका पिढीचं अंतर, आणि तरी कायम जोडनाव. पटकथा-संवाद बहुतेक सुमित्राताईंचे, गाणी सुनील यांची, आणि कला दिग्दर्शन, कपडे यातही बाईंचा हात असायचाच. घरातली भांडी कुठली असतील, दोरीवर कुठलं लुगडं वाळत असेल हे तिला माहीत असणार जिने अशा शेकडो घरांत बसून चहा घेतलाय.

पहिला मोठा चित्रपट 'दोघी' आला १९९५ ला. म्हणजे 'बाई'नंतर दहा वर्षं! मधल्या काळात लघुपट, माहितीपट, संस्थांसाठी फिल्म्स, आरोग्यावरच्या फिल्म्स असं चालूच होतं. तुझ्या घरच्यांना सांग की त्या दहा वर्षांत बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल यांचं काही एक धड चाललेलं नाही.

सुरुवात 'दोघी'पासून कर.

---

गारगोटी

'दोघी'ला अनुमोदन. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी बहिणी, उत्तरा बावकर आई, सदाशिव अमरापूरकर मामा. थोरलीच्या लग्नाच्या दिवशीच नवरदेवाकडच्यांचा अपघात होतो आणि तिथून घर कोसळत जातं, पुढे ती पोरगी मुंबईला जाते आणि तिने पाठवलेल्या पैशावर घर चालतं पण ती स्वतः घरात चालत नाही. गोष्ट जास्त सांगत नाही. त्यातलं 'भुई भेगाळली खोल' ऐक, ना. धों. महानोरांचे शब्द, आनंद मोदकांचं संगीत, अंजली मराठेला त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ती शाळकरी म्हणावी इतकी लहान होती.

पण मला एक वेगळं मत मांडायचंय. या जोडीचे सगळेच सिनेमे मला सारखे भिडत नाहीत. काही ठिकाणी पात्रं एकमेकांशी बोलत नाहीत, आपल्याला समजावून सांगतात. एक पात्र प्रश्न विचारायला ठेवलेलं आणि एक उत्तर द्यायला. विषय आधी ठरला आणि माणसं नंतर आणली असं वाटतं, एक आजारावर, एक कोडावर, एक माहितीच्या अधिकारावर. शिक्षकाचा हात दिसतो तो असा. विषय महत्त्वाचे आहेत याबद्दल वाद नाही. मी त्यांच्या कामाचा आदर करतो म्हणूनच लिहितोय, नुसतं छान छान म्हटलं तर त्यांच्यासारख्या माणसाचा अपमानच होईल.

---

सायसाखर

गारगोटी, तुमचं काही अंशी पटतं पण 'अस्तु'च्या बाबतीत नाही पटत, आणि मी ते घरच्या अनुभवावरून सांगतेय.

माझ्या वडिलांना डिमेन्शिया होता. आम्ही सगळे शिकलेले, डॉक्टरही झाले होते, औषधं चालू होती, पण घरात रोज जे होतं त्याला काय म्हणायचं ते कोणी सांगितलेलं नव्हतं. राग यायचा, मग रागाची लाज वाटायची, मग त्यांना आंघोळ घालताना परत राग यायचा. 'अस्तु'मध्ये मोहन आगाशे संस्कृतचे मोठे पंडित, चक्रपाणी शास्त्री, विस्मरणाने हळूहळू सगळं निसटत चाललेलं, आणि एक दिवस रस्त्यात हत्ती दिसतो म्हणून लहान मुलासारखे त्याच्यामागे निघून जातात. लेक इरावती हर्षे. ती जे बोलते, जे बोलायचं टाळते, बहिणीशी जी बाचाबाची होते, ते मी आमच्या स्वयंपाकघरात ऐकलेलं आहे, जवळपास त्याच शब्दांत. ते 'समजावून सांगणं' असेल तर मला त्याची फार गरज होती.

आणि ती चन्नम्मा, अमृता सुभाष, हत्तीवाल्याची बायको, कानडी बोलणारी. तिला ना आजाराचं नाव माहीत ना या माणसाची विद्वत्ता. तिला दिसतं की एक म्हातारं लेकरू दारात आलंय, भुकेलं आहे. ती खायला घालते. लेकीकडे सगळी माहिती आहे आणि ती पार दमून गेलीय, या बाईकडे माहिती काहीच नाही आणि तिला जमतंय. यातून लेक वाईट ठरत नाही हे मला सर्वात आवडलं, कारण दुसऱ्या कोणी हा सिनेमा केला असता तर मुलीला नक्की दोषी ठरवलं असतं. अमृता सुभाषला सहायक अभिनेत्रीचा आणि सुमित्राताईंना संवादांचा राष्ट्रीय पुरस्कार याच चित्रपटासाठी मिळाला.

पण थिएटरला यायला काही वर्षं लागली आणि ते सुद्धा लोकांनी वर्गणी काढली तेव्हा. अशा सिनेमाला वर्गणी काढावी लागते याचं मला आजही वाईट वाटतं.

---

वस्तीतली_ताई

मी एमएसडब्ल्यू करून बरीच वर्षं फिल्डवर आहे, सध्या मराठवाड्यात. पाऊलवाट, तुझ्या मूळ प्रश्नाला धरून सांगते कारण तू आमच्या लाइनची आहेस, तुला पटकन समजेल.

'कासव' परत बघ आणि या वेळी केसवर्कचा, म्हणजे अडचणीतल्या एकेका माणसाबरोबर काम कसं करायचं त्याचा, तास आठवत बघ.

आपल्याला पहिल्या वर्षी काय शिकवतात? माणूस आहे तसा स्वीकारायचा. त्याच्यावर न्यायाधीश होऊन बसायचं नाही. त्याचा निर्णय त्याला घेऊ द्यायचा. त्याने सांगितलं त्याची वाच्यता करायची नाही. परीक्षेत आपण हे सगळे मुद्दे घडाघडा लिहितो आणि पहिल्याच क्लायंटसमोर सगळं विसरतो, लगेच विचारायला लागतो, नाव काय, गाव कुठलं, घरी कोण कोण, असं का केलंस. आता 'कासव'मधली जानकी काय करते बघ. मरायला निघालेला पोरगा तिला रस्त्यात सापडतो, ती त्याला कोकणातल्या घरी घेऊन येते, आणि विचारत नाही. नाव सुद्धा विचारत नाही. स्वतःच त्याला एक नाव देते आणि हाक मारते. तो चिडतो, दार आपटतो, जेवत नाही, ती जागेवरून हलत नाही आणि त्याच्या अंगावरही जात नाही. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, त्यामुळे तिला माहितीये की प्रश्न विचारणाराच अशा वेळी नको असतो. आणि आसपास कासवांचं काम चाललेलं, अंडी राखायची, पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे जाऊ द्यायची, उचलून पाण्यात टाकायची नाहीत, त्यांची त्यांनी चालत गेली पाहिजेत.

मी आमच्याकडे नव्या पोरापोरींना ट्रेनिंगमध्ये हा सिनेमा दाखवते आणि मग फक्त एवढंच विचारते की जानकीने काय काय केलं *नाही*. तासभर चर्चा होते. तो माझा सगळ्यात चांगला तास असतो.

आणि हे असं लिहिता येतं ते ज्याने वर्गात केसवर्क शिकवलंय त्यालाच. त्यामुळे त्यांनी शिकवणं सोडलं का, याचं माझं उत्तर आहे की अजिबात नाही. वर्गात साठ पोरं असायची, नंतर ती वाढली इतकंच.

गारगोटी म्हणतात तो 'शिक्षकाचा हात' काही ठिकाणी जड होतो हे मलाही दिसतं. पण त्याच हाताने 'कासव' लिहिलाय.

---

नदीकाठ

वस्तीतली_ताई, फार छान लिहिलंत. यात अजून एक भर घालतो.

'देवराई', 'अस्तु', 'कासव' हे तीन सिनेमे लोक मानसिक आजारावरचे म्हणून एकत्र घेतात. स्किझोफ्रेनिया, डिमेन्शिया, डिप्रेशन. ते ठीकच आहे, पण तिन्हीकडे कथेचा भार कोणावर आहे बघा. 'देवराई'त अतुल कुलकर्णीच्या शेषइतकीच ती सोनाली कुलकर्णीच्या बहिणीची गोष्ट आहे, जिचा स्वतःचा संसार आहे आणि भावाला टाकताही येत नाही. 'अस्तु'त लेक. 'कासव'मध्ये तर रक्ताचं नातंच नाही, परकी बाई. म्हणजे बाईंनी बारा-तेरा वर्षं एकच प्रश्न लावून धरला होता की आजारी माणसाला सांभाळणार कोण, आणि सांभाळणाऱ्याचं काय होतं. आणि उत्तर घरातून बाहेर सरकत गेलं, बहीण, मग मुलगी आणि हत्तीवाली मिळून, मग पूर्ण अनोळखी माणसं. हे नुसत्या पुरस्कारप्राप्त सिनेमांच्या यादीत दिसत नाही.

डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, त्यामुळे ते यात नुसते नट म्हणून नव्हते, 'कासव'च्या निर्मितीत पण होते आणि हे सिनेमे घेऊन ते ठिकठिकाणी जातात, दाखवतात, नंतर लोकांशी बोलतात.

'कासव'ला सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मिळालं तेव्हा सुमित्राताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. मराठीत ते त्याआधी फक्त 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांना मिळालेलं.

---

कटपेस्ट

मी एडिटिंग करतो, त्यामुळे लिहिण्याबद्दल दोन गोष्टी.

लोकांना वाटतं त्यांचे सिनेमे म्हणजे बोलणं. 'वास्तुपुरुष' बघा मग. कुळकायद्यात जमीन गेलेलं देशस्थ घर, मोठा वाडा आणि आत काहीच नाही, घरातले पुरुष जुन्या वैभवात अडकलेले, आणि आई, उत्तरा बावकर, तिला फक्त एक गोष्ट हवीय की धाकट्याने डॉक्टर व्हावं आणि गरिबांचं काम करावं. त्या बाईचं वाड्यातलं चालणं, पदर खोचणं, दारात थांबणं यावर अख्खे सीन उभे आहेत. मोठा झालेला मुलगा म्हणून चक्क नाटककार महेश एलकुंचवार आहेत. हा सिनेमा लिहिणाऱ्याला संवाद कुठे थांबवायचे ते पक्कं कळत होतं.

दुसरं म्हणजे बजेट. या लोकांनी कायम कमी पैशात काम केलं. त्यामुळे पटकथा लिहितानाच त्यात लोकेशन किती, दिवस किती याचा हिशोब असणार. काही सिनेमांत घाई दिसते, लायटिंग सपाट वाटतं, ते मला टेक्निशियन म्हणून खटकतं आणि मी ते लपवणार नाही. पण पैसे जमेपर्यंत थांबले असते तर यातले निम्मे सिनेमे झालेच नसते.

पाऊलवाट, फिल्म करायची असेल तर आधी पंधरा मिनिटांची कर. ज्या वस्तीत फिल्डवर्क करतेस तिथलीच. मोबाईलवर चालेल, फक्त आवाज नीट घे, एक साधा कॉलर माईक घे, चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात पण ऐकू नाही आलं तर उठून जातात.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे सगळं दोनदा वाचलं. 'कासव' मी इतका जवळून बघितला आणि केसवर्क डोक्यातच आलं नाही, आता परत बघणारच.

नदीकाठ काका, तुम्ही लिहिलंत ना की जिची गोष्ट तिला ती परत मिळाली पाहिजे, ते माझ्या डोक्यात बसलंय. मी आत्ता प्रोजेक्टसाठी विडी कामगार बायकांच्या मुलाखती घेतेय. त्या इतकं भरभरून बोलतात आणि मी ते सगळं टेबलमध्ये भरते, 'उत्पन्न', 'शिक्षण', 'आरोग्य तक्रारी'. एकीने मला विचारलं पण होतं की बाई हे तुम्ही कुठं छापणार, मला दाखवणार का.

अजून एक प्रश्न आहे. बायकांची गोष्ट दाखवायची म्हणजे त्यांचे चेहरे येणार, घरच्या भानगडी येणार. मग त्रास त्यांनाच होईल ना? 'बाई' करताना हे कसं सोडवलं असेल?

---

वस्तीतली_ताई

हा प्रश्न तुला पडला यातच अर्धं काम झालं.

'बाई' ही कथा आहे, माहितीपट नाही. मला वाटतं उत्तर तिथेच आहे. एकीचं नाव-गाव घेऊन तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं की ती उद्या वस्तीत अडकते. पण दहाजणींकडून ऐकलेलं एका पात्रात घातलं तर प्रत्येकीला आपलं वाटतं आणि कोणीच सापडत नाही. काम करणारी बाई वस्तीतलीच, त्यामुळे बोलणं, उठणं-बसणं खरं, पण ती स्वतःची लफडी सांगत नसते, भूमिका करत असते. बायकांना अशा वेळी किती मोकळं वाटतं ते मी पथनाट्य करताना बघितलंय. स्वतःच्या नवऱ्याबद्दल जी कधी ब्र काढणार नाही ती नाटकातल्या नवऱ्याला असं काही सुनावते की बघत राहावं.

म्हणून तू पण गोष्ट लिही. मुलाखतीचे कागद बाजूला ठेव, आणि आधी त्या बायकांनाच वाचून दाखव. त्या सांगतील कुठे खोटं वाटतंय, फार पटकन सांगतात. आणि परवानगी घेताना नुसता अंगठा घेऊ नकोस, नको म्हणायची त्यांना खरंच मोकळीक आहे का ते बघ. आपण संस्थेकडून जातो तेव्हा बऱ्याचदा नसते.

---

गारगोटी

वरचं सगळं वाचून माझं मत पूर्ण बदललं असं नाही म्हणणार, पण 'कासव'बद्दलचा मुद्दा मान्य.

'दिठी' कोणी काढलाच नाही अजून. तो सुमित्राताईंचा शेवटचा. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच महिन्यात तो सोनी लिव्हवर आला. दि. बा. मोकाशींच्या 'आता आमोद सुनासि आले' या कथेवर. रामजी लोहार, किशोर कदम, वर्षानुवर्षं वारी करणारा माणूस, तरणाताठा मुलगा नदीत वाहून जातो आणि याची विठ्ठलावरची श्रद्धा, पोथीतलं सगळं ज्ञान एका दिवसात फोल होतं. सोबतचे वारकरी येतात, बसतात, समजावतात, पोथी वाचतात, काही म्हणजे काही उपयोग होत नाही. बाहेर नुसता पाऊस. आणि मग गावात एक गाय अडलीये म्हणून बोलावणं येतं, त्याच्या हाताला ते काम येतं म्हणून.

माझी जी तक्रार होती ना, पात्रं समजावून सांगतात म्हणून, त्याचं उत्तर मला इथे मिळालं. इथे समजावणारी सगळी माणसं भली आहेत, बोलतात ते खरंही आहे, आणि तरी त्यातलं काहीच रामजीपर्यंत पोचत नाही. आयुष्यभर शिकवण्याचं काम केलेल्या बाईने हे शेवटी केलं. माझ्यासाठी तो त्यांचा सर्वात मोठा सिनेमा.

पाऊलवाट, 'दिठी' बघण्याआधी मोकाशींची कथा वाच, फार मोठी नाही. लिहिणाऱ्या मुलीला त्यात दुप्पट मिळेल, कथेतलं काय ठेवलं, काय वाढवलं ते शेजारी शेजारी ठेवून बघता येतं.

---

सायसाखर

'दिठी' एकटीने बघू नकोस मात्र. कोणीतरी सोबत असू दे.

---

कटपेस्ट

आणि 'दहावी फ' राहिला. शाळेतल्या 'ढ' तुकडीतली पोरं तोडफोड करतात आणि त्यांना शिक्षा करून मोकळं होण्याऐवजी एक शिक्षक, अतुल कुलकर्णी, ती का चिडली ते शोधत जातो. माझी बहीण शाळेत शिकवते, ती दर वर्षी नववी-दहावीच्या पालकांना दाखवते. मुलांना नाही, पालकांना.

पाऊलवाट, कॉलर माईकबद्दल काही विचारायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. गोष्ट लिहून झाली की इथे टाक, आम्ही वाचू. पण आधी त्या बायकांना वाचून दाखव.